टोंगात मॉर्मन एवढे कसे वाढले हे समजून घ्यायचंय, तर सुरुवात कुठून करायची

आम्ही न्यूझीलंडमधे साउथ ऑकलंडला राहतो आणि आमच्या बाजूचं घर टोंगन आहे, म्हणजे पॅसिफिक महासागरातल्या टोंगा या बेटांच्या देशातलं. त्या घरातल्या आजीबाईंना आमच्याकडे सगळे मावशीच म्हणतात. एकदा कुंपणापलीकडून गप्पा चालल्या होत्या तेव्हा मी सहज विचारलं की तुम्ही कुठल्या चर्चच्या, तर मावशींनी दोन्ही हात वर केले आणि बोटं मोजायला लागल्या. आम्ही आठ भावंडं, पाच मामोंगा, तीन उएसिलियाना. मामोंगा म्हणजे मॉर्मन, अमेरिकेत निघालेल्या एका ख्रिस्ती चर्चचे लोक, आणि उएसिलियाना म्हणजे वेस्लियन मेथडिस्ट, टोंगातलं जुनं मोठं चर्च. आईवडील? दोघंही जन्माने वेस्लियन. म्हणजे एका पिढीत एका घराचे दोन भाग झाले, पण सगळे अजून एकत्र जेवतात, एकमेकांच्या अंत्यविधीला धावतात. तेव्हापासून मी याच्या मागे लागलोय, आणि शिकताना ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नयेत म्हणून हे सविस्तर लिहितोय. कुणाला शाळा-कॉलेजच्या प्रोजेक्टला, लेखाला, नाहीतर नुसतं कुतूहल म्हणून हवं असेल तर उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी एक कागद घ्या आणि दोन आकडे शेजारी शेजारी लिहा. टोंगाची लोकसंख्या जेमतेम १ लाख. २०२१च्या जनगणनेत स्वतःला मॉर्मन म्हणवणारे लोक २० टक्क्यांच्या किंचित खाली, म्हणजे साधारण २० हजार. आणि चर्च स्वतः सांगतं की टोंगात आमचे ६० हजारांच्या वर सदस्य आहेत. तिप्पट! इथेच बहुतेक लोक गडबडतात, चर्चचा आकडा उचलतात आणि "अर्ध्याहून जास्त देश मॉर्मन झाला" असं ठोकून देतात, नाहीतर उलट टोकाला जाऊन "चर्च खोटं बोलतंय" म्हणतात. मला दोन्ही चूक वाटतात, कारण हे दोन आकडे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. जनगणनेवाला दारात येऊन विचारतो की आज तुम्ही कोण. चर्चच्या वहीत मात्र एकदा नाव चढलं की चढलं, मग तो माणूस परत वेस्लियन झाला, किंवा वीस वर्षं प्रार्थनेला फिरकला नाही, तरी स्वतः अर्ज करून नाव काढून घेतलं नाही किंवा मेल्याची नोंद पोचली नाही तर नाव तसंच राहतं. त्यात बाप्तिस्मा ८व्या वर्षी होतो पण सदस्य कुटुंबातल्या त्याहून लहान पोरांची नावंसुद्धा एकूण संख्येत धरतात. त्यामुळे चर्चचा आकडा वाचताना "आजवर इतक्या लोकांच्या आयुष्यात हे चर्च कधी ना कधी आलं" असा वाचा, आणि जनगणनेचा आकडा "आज इतके लोक तिथे उभे आहेत" असा. आणि दोघांमधली जी दरी आहे ना ती फेकून देऊ नका, तीच खरी माहिती आहे, कारण त्यातून कळतं की टोंगात लोक येतातही बरेच आणि निघून जातातही बरेच.

मग टक्के आणि डोकी वेगळी करा. २०११ला मॉर्मन १८ टक्के होते, २०२१ला जवळपास २०. वाढ दिसते, आहेच. पण दरम्यान देशाची लोकसंख्या १ लाख ३ हजारांवरून १ लाखापर्यंत उतरली, लोक बाहेरदेशी गेले. गुणाकार करून बघा, दहा वर्षांत हजार-बाराशे माणसं वाढली एवढंच निघतं. त्याच काळात वेस्लियन चर्चचा वाटा हळूहळू घसरत ३४-३५ टक्क्यांवर आलाय, ते अजून पहिल्या नंबरवर आहेत, मॉर्मन दुसऱ्या, कॅथलिक तिसऱ्या. म्हणजे चित्र पुराचं नाहीये, दर जनगणनेला थोडं थोडं पाणी चढत गेलंय.

आकडे झाले की इतिहासाची पट्टी काढा, आणि त्यात चर्च कुठे कुठे अडलं त्या जागांवर लाल पेनाने खूण करा. हे मला फार उशिरा सुचलं. कारण आपण यशाच्या गोष्टी वाचतो आणि वाटतं की मिशनरी आले आणि लोक धावत गेले. तसं अजिबात नाही झालं. पहिले दोन मिशनरी, ब्रिगहॅम स्मूट आणि अल्व्हा बटलर, जुलै १८९१मधे सामोआहून आले. राजा जॉर्ज तुपोऊ पहिला तेव्हा खूप म्हातारा होता, त्याने परवानगी दिली. सहा वर्षं खपले, हाती लागले बोटांवर मोजण्याइतके लोक, आणि १८९७ला गाशा गुंडाळला. पहिली लाल खूण. मग १९०७ला परत सुरुवात, या वेळी उत्तरेच्या वावाऊ बेटांवर नेयाफूमधून, शाळा उघडून. १९१६ला टोंगाचं स्वतंत्र मिशन झालं. १९२२ला टोंगाच्या संसदेने कायदाच केला की मॉर्मनांना देशात प्रवेश नाही. दुसरी लाल खूण. १९२४ला तो मागे घेतला. मग दुसरं महायुद्ध, अमेरिकन मिशनरी परत बोलावले गेले, तिसरी खूण.

आता या खुणांकडे परत बघा, कारण मजा तिथे आहे. पहिली खूण सोडली तर पुढच्या दोन्ही वेळी बाहेरचे लोक अडले किंवा गेले तेव्हा बराचसा कारभार टोंगन माणसांच्या हातात पडला. प्रवचन टोंगन, हिशेब टोंगन, भांडण मिटवणारा टोंगन. बुक ऑफ मॉर्मनचं, म्हणजे त्यांच्या पवित्र ग्रंथाचं, टोंगन भाषांतर १९४६ला छापून आलं, म्हणजे युद्ध संपल्या संपल्या. माझं मत असं की या चर्चची मुळं टोंगात रुजली ती अमेरिकन लोक नसतानाच्या वर्षांत, असतानाच्या नाही. यावर कुणी वाद घालेल, घालू दे, पण तारखा समोर ठेवून घाला.

पुढचं काम, आधी तिथे कोण होतं ते वाचा, नाहीतर काहीच कळणार नाही. मॉर्मन चर्च अमेरिकेत १८३०ला स्थापन झालं, आणि पुढच्याच वर्षी, १८३१ला, टोंगाच्या तौफाआहाऊने मेथडिस्ट बाप्तिस्मा घेतला, तोच पुढे राजा जॉर्ज तुपोऊ. १८७५ची राज्यघटना त्याने दिली आणि त्यात रविवार कायमचा पवित्र ठरवला, आजही रविवारी दुकानं बंद, खेळ बंद, कामं बंद. देशाच्या ब्रीदवाक्याचा अर्थच "देव आणि टोंगा हाच माझा वारसा" असा आहे. राजघराणं वेस्लियन, बरेचसे सरदार वेस्लियन. म्हणजे मॉर्मन आले ते काही रिकाम्या जमिनीवर नाही, आधीच कट्टर ख्रिस्ती असलेल्या देशात आले. इथे धर्म बदलणं म्हणजे देव बदलणं नव्हतं, तर चर्च बदलणं होतं, आणि ते टोंगन लोकांना नवीन नव्हतं, कारण १८८५ला खुद्द राजानेच ऑस्ट्रेलियातून चालणाऱ्या मेथडिस्ट चर्चपासून फुटून फ्री चर्च ऑफ टोंगा काढलं होतं, मग १९२४ला राणी सलोते हिने दोन्ही जोडायचा प्रयत्न केला तेव्हा एक गट बाहेरच राहिला, तो आजही आहे. चर्चवरून घर विभागणं, परत जुळणं, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं.

शाळेवर मात्र निवांत वेळ घालवा, इथे घाई करू नका. १९२६ला मकेके नावाच्या ठिकाणी चर्चने शाळा काढली, पुढे १९४०च्या दशकाच्या शेवटाला तिच्या जागी लियाहोना आली, मुख्य बेटावर, नुकुआलोफा शहराच्या बाहेर. लियाहोना हे नाव बुक ऑफ मॉर्मनमधलं आहे, वाट दाखवणारा एक गोल होकायंत्रासारखा गोळा. ही शाळा बांधली कशी ते वाचण्यासारखं आहे, १९५०च्या दशकात चर्चने "लेबर मिशनरी" नेमले, म्हणजे धर्मप्रचाराऐवजी विटा-सिमेंटचं काम करणारे, गावातले तरुण पोरं काम करता करता गवंडीकाम, सुतारकाम, वायरिंग शिकले. आता विचार करा, एका बेटावरचा मुलगा, घरची थोडी शेती, आणि समोर इंग्रजी शिकवणारी शाळा, तिथून पुढे हवाईत लाये गावी चर्चचंच कॉलेज (१९५५ला निघालं), आणि त्याच्या बाजूलाच १९६३पासून पॉलिनेशियन कल्चरल सेंटर, जिथे संध्याकाळी पर्यटकांसमोर आपलेच नाच करून, आपल्याच गोष्टी सांगून फी भरता येते. हा रस्ता पोराला आणि त्याच्या आईला स्पष्ट दिसत होता.

म्हणून टोंगात काही जणांना "शाळेपुरते मॉर्मन" म्हणायची पद्धत पडली, म्हणजे लियाहोनात प्रवेशासाठी बाप्तिस्मा आणि शाळा संपली की परत आजीच्या चर्चमधे. वर जी दरी सांगितली ना आकड्यांची, तिचा एक मोठा तुकडा हा. पण हे ऐकून लगेच "म्हणजे लालच" असा शेरा मारू नका, प्लीज. मावशींचा भाऊ असाच शाळेपायी गेला होता, आणि आज पासष्टीला तो त्याच्या वॉर्डाचा, म्हणजे स्थानिक मंडळीचा, बिशप आहे. माणूस एका कारणाने आत येतो आणि दुसऱ्या कारणाने राहतो. तुमच्या वहीत "आला का" आणि "राहिला का" असे दोन वेगळे रकाने करा, खूप गोष्टी आपोआप उलगडतात.

राहण्याची कारणं शोधायची तर गावातलं रोजचं जगणं बघा. टोंगन समाज उतरंडीचा, वर राजा, मग सरदार, मग सामान्य माणूस. जुन्या चर्चमधे पगारी पाद्री असतो आणि मानाच्या जागा बऱ्याचदा मानाच्या माणसांना. मॉर्मन चर्चमधे गावपातळीवर पगारी पाद्रीच नाही. बिशप म्हणजे तुमच्यातलाच कुणी, मावशींचा भाऊ आठवडाभर गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो आणि रविवारी तीनशे माणसांचा बिशप असतो. बायकांची स्वतःची संघटना, तरुणांची वेगळी जबाबदारी, १२ वर्षांचा पोरगा ब्रेडचं ताट घेऊन रांगेतून फिरतो. ज्या माणसाला गावच्या बैठकीत मागे बसावं लागायचं त्याला इथे उभं राहून बोलायला मिळालं. मला व्यक्तिशः हे कारण शाळेइतकंच मोठं वाटतं.

पैशाचंही विचारा, पण जपून. वेस्लियन चर्चमधे वर्षातून एकदा मिसिनाले असतं, घराघराचं नाव आणि त्यांनी दिलेली रक्कम सगळ्यांसमोर मोठ्याने वाचतात. त्यात अभिमान असतो, चुरस असते, आणि कित्येक घरं त्यासाठी कर्जही काढतात. मॉर्मनांत उत्पन्नाचा दहावा हिस्सा द्यायचा, तोही थोडा नाही, पण पाकिटात घालून बिशपकडे, आकडा कुणाला ऐकू जात नाही. काही लोकांना तो गुपचूपपणा सुटका वाटला. काहींना उलट वाटलं, मावशींची एक बहीण याच कारणाने वेस्लियन राहिली, तिचं म्हणणं नाव वाचल्याशिवाय देण्यात काय आनंद, आपल्या वडलांचं नाव देवळात घुमायला नको का. दोन्ही बाजू मला पटतात.

आणि मग पूर्वजांची गोष्ट. बुक ऑफ मॉर्मनमधे हागोथ नावाचा एक जहाज बांधणारा आहे, लोक त्याच्या जहाजांत बसून गेले आणि परत आले नाहीत. चर्चमधे पिढ्यान्‌पिढ्या असं शिकवलं गेलं की पॉलिनेशियन लोक त्या वंशातले. समुद्रावरच वाढलेल्या लोकांना पवित्र ग्रंथात आपली होडी दिसली, याची ताकद कमी समजू नका. पुरातत्त्व वेगळं सांगतं, टोंगात पहिली माणसं साधारण २८०० वर्षांपूर्वी पश्चिमेकडून आली, लापिता म्हणतात त्या नक्षीच्या मडक्यांचे तुकडे नुकुलेका गावात सापडले, आणि भाषेचं मूळ मागे तैवानपर्यंत जातं. लिहिताना दोन्ही लिहा, पण वेगवेगळ्या जागी, कोण काय मानतो ते एकीकडे आणि खणून काय निघालं ते दुसरीकडे. आणि हा वाद समोरच्याच्या स्वयंपाकघरात काढू नका.

मंदिराचा वेगळा विषय, थोडक्यात सांगतो. मॉर्मनांत रविवारची प्रार्थना होते ती साध्या सभागृहात, तिथे कुणीही जाऊ शकतं, पण मंदिर वेगळं, तिथे फक्त पात्र ठरलेले सदस्य, आणि नवराबायकोचं नातं कायमचं बांधायचा विधी तिथेच. १९५८ला न्यूझीलंडमधे हॅमिल्टनला मंदिर झालं तेव्हा टोंगन कुटुंबं पै पै साठवून तिथवर यायची. नुकुआलोफाचं मंदिर ऑगस्ट १९८३ला झालं, लियाहोना शाळेच्या शेजारीच, आणि २०१९ला नेयाफूलाही मंदिर होणार असं जाहीर झालं. लाखभर वस्तीच्या देशाला दोन मंदिरं, यावरून चर्च टोंगाकडे कसं बघतं ते कळतं.

आता बाहेर गेलेले लोक धरा, त्यांच्याशिवाय हिशेब अर्धा. न्यूझीलंडच्या २०१८च्या जनगणनेत ८२ हजारांच्या वर टोंगन होते, अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात आणखी, म्हणजे घरच्यापेक्षा बाहेर जास्त. युटामधे सॉल्ट लेक सिटीच्या आसपास मोठी टोंगन वस्ती आहे आणि तिची सुरुवात चर्चच्या धाग्यानेच झाली, कुणीतरी मिशनरी ओळखीचा, कुणीतरी शिकायला गेला, मग भाऊ, मग मेहुणी. पैसे घरी येतात, त्यासोबत पत्रं, फोटो, आता व्हिडिओ कॉल. नुकुआलोफात जन्मलेला वाई सिकाहेमा अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलमधे खेळणारा पहिला टोंगन, तोच २०२१ला चर्चच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांत नेमला गेला. टोंगातल्या पोरांना त्याचं नाव सांगावं लागत नाही.

एवढं झालं की शेजारच्या उदाहरणाशी ताडून बघा, त्याशिवाय तुमचा निष्कर्ष पक्का होत नाही. सामोआ सोपं, तिथे २०१६च्या जनगणनेत मॉर्मन साधारण १७ टक्के आणि चर्चचा स्वतःचा आकडा त्याच्या दुपटीहून जास्त, म्हणजे तीच दरी, तोच साचा. पण मराठी माणसासाठी दुसरं उदाहरण जास्त जवळचं आहे, पुणे. हो, खरंच. ह्यू फिन्डले नावाचे स्कॉटिश मॉर्मन मिशनरी १८५१ला मुंबईत उतरले आणि १८५२ला पुण्यात एक छोटी शाखा सुरू झाली, टोंगाच्या तब्बल चाळीस वर्षं आधी! ऐकणारे मुख्यतः छावणीतले गोरे लोक. काही वर्षांत सगळं आटोपलं. आता तुमच्या वहीतले रकाने पुण्याला लावून बघा. चालवणारे स्थानिक हात? नाहीत. शाळा? नाही. अख्खं घर एकत्र येणं? नाही, पलटण हलली की माणूस हलला. आधीचा ख्रिस्ती पाया गावात? नाही. पोथीत आपल्या पूर्वजांची होडी? नाही. टोंगातल्या मिशनरींचं नशीब चांगलं होतं असं मी आधी समजायचो, पुण्याचं वाचल्यावर ते डोक्यातून गेलं.

शेवटी माणसांशी बोला, आणि इथे थोडी शिस्त पाळा. त्यांच्यापुढे "मॉर्मन" शब्द वापरताना विचारून घ्या, २०१८पासून चर्चने स्वतःचं पूर्ण नाव वापरायचा आग्रह धरलाय, जरी टोंगन बोलताना लोक मामोंगा म्हणतातच. चहा-कॉफी घेऊन जाऊ नका, घेत नाहीत, दारू-सिगरेटचा तर प्रश्नच नाही. "तुम्ही धर्म का बदलला" असं विचारू नका, "तुमच्या घरात पहिलं कोण गेलं" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला पाठ केलेलं उत्तर मिळतं, दुसऱ्याला गोष्ट मिळते, त्यात आजी असते, वादळ असतं, कुणाचं तरी आजारपण असतं, शाळेची फी असते. ऑकलंडमधे टोंगन भाषेतले वॉर्ड आहेत, टोंगाला जायला जमत नसेल तर तिथे जा, कुणी अडवत नाही. पुरुषांनी पांढरा शर्ट घाला. टोंगन पुरुष लुंगीसारखा तुपेनू नेसतात, त्यावर कमरेला चटई गुंडाळतात तिला तओवाला म्हणतात, ती आदराची खूण आहे, तिच्याकडे टक लावून बघू नका आणि फोटो काढू नका. ब्रेडचं ताट आणि पाण्याचे छोटे कप तुमच्यापर्यंत येतील, वाइन नसते, साधं पाणी असतं. नको असेल तर ताट शांतपणे पुढे सरकवा, कुणाला वाईट वाटत नाही.

जमलं तर महिन्याच्या पहिल्या रविवारी जा. त्या दिवशी त्यांचा उपास असतो, दोन वेळचं जेवण सोडतात आणि आपल्या निर्जळी एकादशीसारखं पाणीसुद्धा नाही, वाचलेल्या जेवणाचे पैसे गरिबांसाठी देतात. आणि त्या दिवशी ठरलेलं प्रवचन नसतं, ज्याला वाटेल तो पुढे येऊन स्वतःचं सांगतो. मी गेलो होतो तेव्हा एक बाई रडत रडत दहा मिनिटं बोलली, मला टोंगनचा एक शब्द कळत नव्हता, शेजारी बसलेल्या मावशी कानात सांगत होत्या, ती म्हणतेय तिचा बाप मरेपर्यंत वेस्लियन होता आणि हिच्या मंदिराच्या प्रवासाचं तिकीट त्यानेच डुक्कर विकून काढलं. मी हे घरी येऊन लगेच वहीत उतरवलं, आणि "पहिलं कोण गेलं" या रकान्याशेजारी अजून एक रकाना वाढवला, "जे गेले नाहीत त्यांनी काय केलं". त्या रविवारी मात्र जेवणाची अपेक्षा ठेवू नका. दुसऱ्या रविवारी गेलात तर उमूत, म्हणजे जमिनीतल्या भट्टीत भाजलेलं लू मिळेल, आपल्या अळूसारखीच तारोची पानं आणि नारळाचं दूध, आत बहुतेक वेळा मांस असतं, शाकाहारी असाल तर आधीच सांगून ठेवा.